एडिंबरोची कावीळ

शोधांचा इतिहास लिहिण्याची जी रीत आपल्याकडे व इतरत्रहि रूढ आहे, तींत शोधकाचें नांव, शोधाचें वर्ष आणि त्या शोधानें झालेलें जगाचें कल्याण इतक्या तीन गोष्टी सांगितल्या कीं ग्रंथकार आपलें काम संपलें असें समजतो. तो शोध सामान्य माणसांच्या हातीं आल्यावर त्यांतून कोणतीं नवीं संकटें उद्भवलीं, आणि तीं निवारण्यासाठीं कोणास काय किंमत द्यावी लागली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आगगाडीच्या इतिहासांत स्टीफन्सनचें नांव शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें; पण गाड्यांची टक्कर होऊं नये म्हणून सिग्नलचे नियम ज्यांनीं बसविले त्यांचीं नांवें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें इतिहासाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. शोधानें माणसाची शक्ति वाढते. नियमानें ती शक्ति माणसाच्या उपयोगी पडते. या म्हणण्याचें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवणार आहों. तें मूत्रपिंडाच्या रोग्यांवरील उपचारांचें आणि त्या उपचारांच्या पाठोपाठ आलेल्या काविळीचें आहे.

मूत्रपिंडांचें काम रक्त गाळून स्वच्छ ठेवण्याचें. तीं दोन्ही निकामी झालीं म्हणजे शरीरांतील मळ रक्तांत सांचूं लागतो, आणि कांहीं आठवड्यांत मनुष्य दगावतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावर उपाय नव्हता. दुसरें महायुद्ध चालू असतां, जर्मनांच्या ताब्यांत असलेल्या हॉलंडमध्यें, कॅम्पेन नांवाच्या लहानशा गांवीं डॉ. विलेम कोल्फ यांनीं १९४३ मध्यें पहिलें कृत्रिम मूत्रपिंड चालविलें. लांकडी पिंपाभोंवतीं सेलोफेनची लांब नळी गुंडाळावयाची, तिच्यांतून रोग्याचें रक्त खेळवावयाचें आणि तें पिंप क्षारयुक्त पाण्यांत फिरत ठेवावयाचें, अशी ती रचना होती. पहिल्या रोग्यांपैकीं जवळजवळ कोणीच वांचलें नाहीं. १९४५ मध्यें मात्र एक ६७ वर्षांची स्त्री शुद्धीवर आली आणि यंत्राचें सार्थक झालें. पण या यंत्राला एक मर्यादा होती. प्रत्येक वेळीं नवी रोहिणी व नवी नीला उघडावी लागे, आणि थोड्याच वेळांत शरीरावर जागा उरत नसे. १९६० मध्यें अमेरिकेंतील सिअॅटल येथें डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं टेफ्लॉनची एक नळी रोग्याच्या हातांत कायमची बसवून ही अडचण दूर केली. त्यांचा पहिला रोगी त्यापुढें ११ वर्षें जगला. इकडे १९५४ मध्यें बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरांत बसविलें होतें. आणि १९६० नंतरच्या दशकांत शरीराची प्रतिकारशक्ति दडपून टाकणारीं औषधें हातीं आल्यावर, जुळें नसलेल्या दात्याचें मूत्रपिंडहि टिकूं लागलें. अशा रीतीनें अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत, जेथें मरण निश्चित होतें तेथें जगण्याच्या दोन वाटा उघडल्या.

या दोन्ही वाटांवर जो शत्रु दबा धरून बसला होता तो मात्र जुना होता. जर्मनींतील ब्रेमेन येथें १८८३ मध्यें जहाजांच्या कारखान्यांतील १२८९ कामगारांना देवी टोंचण्यांत आल्या. ती लस माणसाच्या शरीरांतून घेतलेल्या द्रवाची होती. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यांतील ज्यांना ती लस दिली नव्हती ते निरोगी राहिले. १९४२ मध्यें अमेरिकन सैन्यांत पीतज्वराची जी लस देण्यांत आली, तींत माणसाचा रक्तद्रव मिसळलेला होता, आणि तिच्यामुळें हजारों शिपाई काविळीनें आजारी पडले. या व अशा इतर अनुभवांवरून १९४७ मध्यें ब्रिटनमधील डॉ. मॅककॅलम यांनीं यकृतदाहाचे दोन प्रकार वेगळे केले: अन्नपाण्यांतून येणारा तो ‘ए’, आणि रक्तांतून येणारा तो ‘बी’. नांवें पडलीं, पण त्यांचे विषाणु कोणीं पाहिले नव्हते. कोणाच्या रक्तांत हें विष आहे आणि कोणाच्या नाहीं, हें ओळखण्याचें कांहींहि साधन वैद्यांजवळ नव्हतें.

आतां रक्तशोधनाच्या एका दालनाची कल्पना करावी. आठ-दहा खाटा, प्रत्येकीशेजारीं एक यंत्र, आणि आठवड्यांतून दोन-तीन वेळां तेच रोगी त्याच ठिकाणीं कित्येक तास पडून. दर मिनिटास दोनशें ते तीनशें घनसेंटिमीटर रक्त शरीराबाहेर पडून नळींतून फिरतें आणि परत जातें. त्या काळीं रक्त गाळणारे पडदे कचकड्याच्या फळ्यांमध्यें हातांनीं बसवावे लागत. प्रत्येक पाळीनंतर तें सारें उस्तरावयाचें, धुवावयाचें आणि पुन्हां जुळवावयाचें. पडदा फाटला कीं रक्त जमिनीवर सांडे. त्यांत आणखी एक गोष्ट होती. शरीरांत रक्त तयार व्हावें म्हणून जो संप्रेरक लागतो तो मूत्रपिंडेंच निर्माण करतात. तीं निकामी झालीं कीं रोगी पांढराफटक पडतो, आणि त्यामुळें त्या काळीं अशा रोग्यांस वरचेवर परकें रक्त द्यावें लागे. म्हणजे अनेक अनोळखी माणसांचें रक्त बाहेरून दालनांत येई, रोग्यांच्या शरीरांत शिरे, आणि तेथून नर्सच्या बोटांवर, यंत्राच्या खटक्यांवर, औषधाच्या सामाईक कुपींवर अगदीं सूक्ष्म प्रमाणांत पसरे. या विषाणूला दिसण्याजोगा थेंबहि लागत नाहीं, आणि वाळलेल्या डागांत तो आठवडाभर जिवंत राहूं शकतो. आपल्या खेड्यांत एका पाणवठ्यावरून पटकी घरोघर कशी जात असे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. येथें पाण्याच्या जागीं रक्त होतें, इतकाच काय तो फरक.

पहिला इशारा १९६५ मध्यें इंग्लंडांतील मँचेस्टर येथें मिळाला. तेथील रक्तशोधन-विभागांत रोगी आणि कर्मचारी या दोघांनाहि कावीळ होऊं लागली. पाठोपाठ लिव्हरपूल व लंडन येथूनहि तशाच वार्ता आल्या. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. रोग्यांची कावीळ बहुधा सौम्य असे. पुष्कळदां तर ती दिसतहि नसे. नर्स, डॉक्टर आणि प्रयोगशाळेंतील सेवक हे मात्र कडक आजारी पडत. याचें कारण पुढें उलगडलें, आणि तें नीट समजून घेण्यासारखें आहे. हा विषाणु यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारीत नाहीं. त्याला घालवून देण्यासाठीं शरीराची प्रतिकारशक्ति जो हल्ला करते त्यांत त्या पेशी मरतात. मूत्रपिंडाच्या रोग्याची प्रतिकारशक्ति आधींच दुबळी असते, आणि रोपण झालेल्या माणसाची ती औषधांनीं मुद्दाम दडपलेली असते. म्हणून त्याचें शरीर विषाणूशीं भांडत नाहीं, त्याला घरांत ठेवून घेतें, आणि वर्षानुवर्षें आपल्या रक्तांतून वागवितें. निरोगी नर्सचें शरीर मात्र भांडतें, आणि त्या भांडणांत प्रसंगीं तिचाच अंत होतो. ज्याच्यापासून रोग जातो तो चांगला दिसतो, आणि ज्याला तो होतो त्याला कोठून झाला हें कळत नाहीं, कारण हा रोग प्रगट होण्यास दीड ते सहा महिने लागतात. इतक्या अवधीनंतर कोणत्या दिवशीं कोणत्या रक्ताचा स्पर्श झाला हें कोण सांगणार?

हें सारें चालू असतां, दुसऱ्याच एका शोधाच्या पोटीं या अंधारांत दिवा लागला. डॉ. बरूच ब्लूमबर्ग हे अमेरिकन संशोधक निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांतील भेद तपासीत होते. काविळीचा त्यांना विचारहि नव्हता. आगरच्या पातळ थरांत दोन लहान खळगे करावयाचे, एकांत एक रक्तद्रव व दुसऱ्यांत दुसरा घालावयाचा. दोहोंची जोडी जमली तर मध्यें पांढरी रेघ उमटते. न्यूयॉर्कमधील, अनेकांचें रक्त घेतलेल्या एका रोग्याचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी माणसाचा रक्तद्रव यांमध्यें १९६३ मध्यें अशी रेघ दिसली. १९६५ मध्यें हा प्रतिजन ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि १९६७-६८ च्या सुमारास त्याचा संबंध ‘बी’ काविळीशीं आहे हें ठरलें. १९७० मध्यें लंडन येथें डॉ. डेन यांनीं सूक्ष्मदर्शकांत त्या विषाणूचा संपूर्ण कणहि पाहिला. ब्लूमबर्ग यांस १९७६ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. दूषित रक्त ओळखण्याची खूण आतां हातीं आली होती. पण ती रोजच्या कामांत वापरण्याची शिस्त अजून यावयाची होती, आणि ती येण्यापूर्वींच एडिंबरो येथें अनर्थ घडला.

स्कॉटलंडची ही राजधानी वैद्यकविद्येचें जुनें माहेरघर. तेथें सर मायकेल वुड्रफ हे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. महायुद्धांत सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांच्या बंदिवासांत होते आणि तेथें उपाशी सहकाऱ्यांसाठीं पालापाचोळ्यांतून जीवनसत्त्वें काढण्याची खटपट त्यांनीं केली होती. ऑक्टोबर १९६० मध्यें जुळ्या भावांवर ब्रिटनमधील पहिलें यशस्वी मूत्रपिंड-रोपण त्यांनींच केलें. पुढें रोपणासाठीं स्वतंत्र विभाग उभारण्यांत आला. रोग्यास जंतूंचा संसर्ग होऊं नये याची त्यांत पराकाष्ठेची काळजी घेतली होती. येथेंच या घटनेंतील विरोध आहे. बाहेरून येणारे जंतु अडविण्याची तयारी पुरी होती. परंतु या वेळीं शत्रु रोग्याच्या स्वतःच्या रक्तांतून आला, आणि रोग्याला जपण्यासाठीं उभारलेल्या त्या तटबंदीचा त्याच्यापुढें उपयोग झाला नाहीं.

१९६९ व १९७० या दोन वर्षांत एडिंबरोच्या रक्तशोधन व रोपण या विभागांत मिळून सुमारें ४० जणांना या काविळीची बाधा झाली आणि ११ जण मरण पावले. त्यांत सात रोगी होते व चार कर्मचारी. इतर शहरांत रोग्यांची कावीळ सौम्य असे. येथें रोगीहि मेले आणि त्यांची सेवा करणारेहि मेले. रोग्यासाठीं रात्रीं जागणारा माणूस दोन-तीन महिन्यांनीं त्याच रोग्याच्या रक्तानें मरावा, ही गोष्ट कोणत्याहि रुग्णालयाचें धैर्य खचविण्यास पुरेशी आहे. वुड्रफ यांच्या मनावर याचा फार खोल परिणाम झाला. त्यांनीं आपला विभाग कांहीं काळ बंद ठेवला.

येथें जो पेंच उभा राहिला तोच या साऱ्या इतिहासाचा गाभा होय. रुग्णालयापुढें तीन मार्ग होते. पहिला मार्ग, हें काम अजिबात सोडून देण्याचा. सहकाऱ्यांचीं प्रेतें पाहिलेल्या माणसांनीं तसें म्हटलें असतें तर त्यांस कोण दोष देणार? पण यंत्र बंद झालें कीं तिच्यावर जगणारा प्रत्येक रोगी थोड्या दिवसांत मरणार, हें निश्चित होतें. दुसरा मार्ग, धोका पत्करून पूर्ववत् चालू ठेवण्याचा. म्हणजे दर वर्षीं कांहीं नर्स व डॉक्टर बळी जाणार हें गृहीत धरण्याचा. तिसरा मार्ग, धोका कोठून कसा जातो हें बारकाईनें शोधून, रोजच्या प्रत्येक हालचालीला नियम घालण्याचा. एडिंबरो येथील जंतुशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बॅरी मार्मियन व त्यांचे सहकारी यांनीं हा तिसरा मार्ग धरला. त्यांनीं प्रत्येक रोग्याचें व प्रत्येक सेवकाचें रक्त तपासलें, संसर्गाचा माग काढला, आणि काम पुन्हां चालू झालें तें या माहितीच्या आधारावर.

सगळ्या ब्रिटनसाठीं हाच विचार करण्याचें काम लॉर्ड रोझेनहाइम यांच्या अध्यक्षतेखालीं एका सल्लागार-मंडळाकडे सोंपविण्यांत आलें. रोझेनहाइम हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशिअन्सचे अध्यक्ष होते. मंडळाचा अहवाल १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रोझेनहाइम वारले. अहवाल वाचणाऱ्यास त्यांत एकहि चमत्कार आढळणार नाहीं. विभागांत येणाऱ्या प्रत्येक रोग्याचें रक्त आधीं तपासावें व पुढेंहि ठराविक मुदतीनें तपासीत जावें, कर्मचाऱ्यांचेंहि तपासावें. ज्याच्या रक्तांत प्रतिजन सांपडेल त्याला निर्मळ विभागांत ठेवूं नये. त्याच्यासाठीं जागा निराळी, यंत्र निराळें. शक्य तर त्याला घरींच रक्तशोधन करण्यास शिकवावें. परकें रक्त अगदीं निरुपाय झाल्यावांचून देऊं नये, आणि जें द्यावयाचें तें तपासलेलें असावें. हातमोजे घालावे, हात धुवावे. त्या दालनांत कोणीं खाऊं-पिऊं नये, विडी ओढूं नये. सांडलेलें रक्त तत्काळ जंतुनाशकानें पुसावें. एकदां वापरून टाकून देण्याजोगीं साधनें शक्य तेथें वापरावीं. हे नियम इतके साधे आहेत कीं कोणतीहि नीटनेटकी गृहिणी आपल्या स्वयंपाकघरांत यांतले अर्धे न सांगतां पाळीत असते.

पण हे साधे नियम पाळले गेले, आणि त्याचें फळ मिळालें. कांहीं थोड्या वर्षांतच ब्रिटनच्या रक्तशोधन-विभागांतून ही कावीळ जवळजवळ नाहींशी झाली. त्या वेळीं तिच्यावर औषध नव्हतें, लसहि नव्हती. याच्याशीं अमेरिकेची तुलना केली म्हणजे नियमाची किंमत कळून येते. १९७२ मध्यें तेथें कायदा होऊन मूत्रपिंडाच्या रोग्यांचा खर्च सरकारनें उचलला, आणि रक्तशोधनाचीं केंद्रें झपाट्यानें वाढलीं. नियम मात्र मागें राहिले. १९७४ मध्यें तेथें एका वर्षांत शेंकडा ६.२ रोग्यांना ‘बी’ काविळीची नवी बाधा झाल्याचें आढळलें. १९७७ मध्यें तेथेंहि तपासणीचे व पृथक्करणाचे नियम घालून देण्यांत आले, आणि १९८० पर्यंत हें प्रमाण शेंकडा एकावर आलें. या आंकड्यांत लसीचा वांटा मुळींच नाहीं. ती अमेरिकेंत सर्वांस मिळूं लागली ती १९८१ नंतर.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्या देशांतील वाचकाच्या मनांत हटकून येईल. रोग्याला वेगळा काढावयाचा, त्याची खाट निराळी, त्याचें यंत्र निराळें, त्याला शिवल्यावर हात धुवावयाचे, हें तर आपलें जुनें सोंवळें-ओवळेंच झालें! ज्या समाजांत १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या समाजानें पृथक्करण या शब्दाविषयीं सावध राहावें हें योग्यच आहे. तथापि दोहोंत मूलगामी भेद आहे. विटाळ जन्मावरून ठरे, त्याची परीक्षा नसे आणि त्याला मुदतहि नसे. हें पृथक्करण रक्ताच्या परीक्षेवरून ठरतें आणि परीक्षेबरोबर बदलतें. विटाळाचें बंधन फक्त दूर ठेवलेल्या माणसावर पडे. येथें बंधनाचा मोठा भाग दूर ठेवणाऱ्यावर पडतो. हात त्यानें धुवावयाचे, मोजे त्यानें बदलावयाचे, स्वतःचें रक्त त्यानेंहि तपासून घ्यावयाचें. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, विटाळाचा शेवट माणसाला पाण्यापासून वंचित करण्यांत होई. या नियमाचा हेतु बाधित रोग्यालाहि त्याचें यंत्र मिळावें हा आहे. निराळी खाट ही त्याला नाकारण्याची युक्ति झाली, तर नियम मोडला असेंच म्हटलें पाहिजे, मग कागदावर तो कितीहि पाळलेला असो. ही शेवटची कसोटी सर्वत्र उतरली असें आम्हांस म्हणवत नाहीं. भीति आणि सावधगिरी यांचा पोषाख पुष्कळदां सारखाच असतो.

यापुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. फ्रान्समधील तूर शहरीं डॉ. फिलिप मोपा यांनीं बाधितांच्या रक्तद्रवापासून केलेली लस रक्तशोधन-विभागांतील रोग्यांस व सेवकांस देऊन पाहिली आणि १९७६ मध्यें तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९८६ मध्यें माणसाच्या रक्ताशिवाय, किण्वाच्या पेशींकडून बनविलेली लस निघाली. आपल्या देशांत हैदराबाद येथें तयार झालेली तशीच लस १९९७ मध्यें बाजारांत आली. मूत्रपिंडाच्या रोग्यांचें शरीर लसीलाहि आळसानेंच उत्तर देतें. म्हणून त्यांना ती दुप्पट मात्रेनें व अधिक वेळां द्यावी लागते. रोपण झालेल्या बाधित माणसांमध्यें दडलेला विषाणु औषधांच्या छत्राखालीं बळावून यकृताचा नाश करी. १९९८ पासून त्याला रोखणारीं औषधें मिळूं लागलीं, आणि तोहि धोका पुष्कळ कमी झाला.

दरम्यान एक गोष्ट उघड झाली होती. ‘ए’ नाहीं आणि ‘बी’ नाहीं, अशी तिसरीच एक कावीळ रक्तावाटे पसरत होती. १९८९ मध्यें डॉ. मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचा विषाणु ओळखला, तोच ‘सी’. या शोधपरंपरेबद्दल हॉटन, हार्वी ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. ओळख पटण्यापूर्वीं या विषाणूनें जगभर असंख्य रोगी गांठले होते. सुदैवानें १९८९ मध्येंच रक्त वाढविणारा तो संप्रेरक औषध म्हणून अमेरिकेंत उपलब्ध झाला आणि परकें रक्त देण्याची गरज फार कमी झाली. तरीहि ‘सी’ कावीळ दालनांतून हटली नाहीं. आणि चौकशी केली तेव्हां जुनींच कारणें सांपडलीं. न धुतलेले हात, न बदललेले मोजे, एकाच कुपींतून अनेकांस दिलेलें औषध, दोन पाळ्यांमध्यें न पुसलेलें यंत्र. १९७२ च्या अहवालांत ज्यांविषयीं सांगितलें होतें तेच हे दोष. फक्त विषाणूचें नांव बदललें होतें.

‘सी’ काविळीवर त्या काळीं इंटरफेरॉन हें एकच औषध होतें, आणि तें रोपण झालेल्या माणसास दिल्यास प्रतिकारशक्ति जागी होऊन नवें मूत्रपिंडच नाकारलें जाण्याची भीति असे. यकृत राखावें तर मूत्रपिंड जातें, मूत्रपिंड राखावें तर यकृत जातें, असा हा पेंच सुमारें वीस वर्षें राहिला. २०१३ नंतर निघालेल्या नव्या गोळ्यांनीं तो सोडविला. बहुतेक रोगी बारा आठवड्यांच्या उपचारानें पूर्ण बरे होऊं लागले, आणि थोड्याच वर्षांत रक्तशोधनावर असलेल्यांनाहि चालतील अशा गोळ्या मिळाल्या. मग २०१६ मध्यें फिलाडेल्फिया येथें एक असा प्रयोग सुरू झाला कीं, एडिंबरोच्या डॉक्टरांना तो वेडेपणाचा वाटला असता. ‘सी’ विषाणूनें बाधित असलेल्या मृत दात्यांचीं मूत्रपिंडें, जीं एरव्हीं टाकून दिलीं जात, तीं निरोगी रक्ताच्या दहा रोग्यांना त्यांच्या पूर्ण संमतीनें बसविण्यांत आलीं, आणि लागलीच त्या गोळ्या देण्यांत आल्या. दहाहि जण विषाणूपासून मुक्त झाले. ज्या शहरीं ब्लूमबर्ग यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग घालविला, त्याच शहरीं हें घडलें. ज्या रक्ताच्या भयानें एकेकाळीं विभाग बंद पडले, तेंच रक्त पोटांत बाळगणारें मूत्रपिंड आतां रांगेंत थांबलेल्या माणसास जीवदान देऊं लागलें.

आपल्या देशांत हा इतिहास उशिरा आला, पण आला. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचें यशस्वी रोपण वेल्लोर येथें १९७१ मध्यें झालें. मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा १९९४ मध्यें संमत झाला, आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत तो प्रथम जेथें लागू झाला त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवें हीं दोन्ही होतीं. दात्यांच्या रक्ताची ‘सी’ विषाणूसाठीं तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. २०१६ मध्यें सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांच्या रुग्णालयांत गरिबांसाठीं मोफत रक्तशोधनाची योजना आंखली, आणि २८ जुलै २०१८ रोजीं काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन तिचीं औषधें फुकट मिळण्याची सोय झाली. ही तारीख जगभर पाळला जाणारा कावीळ-दिन आहे, आणि तोच ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस. पूर्वीं ज्या यंत्रासाठीं मोठ्या शहरीं जाऊन घरदार विकावें लागे, तें आतां तालुक्याच्या गांवींहि दिसूं लागलें आहे, याचा आनंद कोणास होणार नाहीं?

पण आमच्या मतें नेमका हाच सावध होण्याचा क्षण आहे. अमेरिकेचा १९७२ नंतरचा अनुभव आम्हीं वर मुद्दाम सांगितला. यंत्रें झपाट्यानें वाढलीं आणि नियम मागें राहिले, कीं रोग्यांना त्याची किंमत द्यावी लागते. आपल्याकडे पाळ्यांची गर्दी असते, एका नर्सकडे अनेक रोगी असतात, आणि खर्च वांचावा म्हणून गाळणी धुऊन त्याच रोग्यासाठीं पुन्हां वापरण्याची चालहि पुष्कळ ठिकाणीं आहे. ही चाल मुळांतच त्याज्य आहे असें नव्हे. पण ती जितकी कडक शिस्त मागते तितकी शिस्त थकलेल्या माणसाकडून रोज, दर पाळीला मिळविणें अवघड आहे. गोळ्यांनीं आतां ‘सी’ कावीळ बरी होते, म्हणून हात धुण्याविषयीं थोडी सूट घ्यावी, असा विचार कोणाच्याहि मनांत स्पष्टपणें येत नसेल; परंतु भय गेलें कीं नियम नकळत सैल होतात, असा सर्व देशांचा अनुभव आहे. शिवाय ‘बी’ काविळीला दाबून ठेवणारीं औषधें आहेत, समूळ उखडणारें औषध अजून नाहीं. तिच्यापासून रोग्याला आणि सेवकाला राखणाऱ्या गोष्टी तीनच: लस, तपासणी आणि शिस्त.

एडिंबरो येथें जे अकरा जण गेले त्यांपैकीं कोणीहि कांहीं शोध लावला नाहीं. त्यांचीं नांवें पाठ्यपुस्तकांत येणार नाहींत. परंतु रक्तशोधनाच्या दालनांत एखादी परिचारिका एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातांना थांबून मोजे उतरविते, हात धुते आणि नवे मोजे चढविते, त्या अर्ध्या मिनिटाच्या थांबण्याची किंमत त्यांनीं आधींच दिलेली आहे. तें थांबणें वेळेचा अपव्यय वाटूं लागलें, तर ती किंमत पुन्हां कोणाला तरी द्यावी लागेल. आणि ती देणारा मनुष्य बहुधा आपली तक्रार करण्याच्या स्थितींत नसेल.